‘घाशीराम कोतवाल’ आणि अपप्रेरणेचा प्रश्न

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. त्यावर उठलेला वाद मुख्यतः नाना फडणविसांच्या चारित्र्यचित्रणाविषयी होता. त्या गदारोळात नाटकाच्या गाभ्याचा एक प्रश्न उपेक्षित राहिला. एकाच्या हातून घडलेल्या अपराधाचे दायित्व, त्याच्या हाती अधिकार देणाऱ्यावर कितपत येते, हा तो प्रश्न होय.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम १०७ मध्ये अपप्रेरणेचे तीन प्रकार मानले होते : चिथावणी, कट आणि हेतुपुरस्सर साह्य. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्येही तेच कायम आहेत. केवळ पद दिल्याने कोणी अपप्रेरक ठरत नाही. साह्यामागे हेतू सिद्ध व्हावा लागतो. न्यायालयास जो हेतू परिस्थितीवरून अनुमानावा लागतो, तो तेंडुलकरांनी नानांच्या स्वगतातून उघड केला आहे. गौरीच्या मोबदल्यात घाशीरामास कोतवाली देताना, आपली दुष्कृत्येही या परक्या माणसाच्या खाती पडतील, असा हिशेब नाना करतात. उलटपक्षी, स्वतःची मुलगी नानांच्या स्वाधीन करणारा घाशीराम हाही नानांच्या दुराचारास साह्य करणाराच आहे. म्हणजे येथे अपप्रेरणा दुहेरी आहे.

ब्राह्मणांच्या मानवी भिंतीचे स्थान याहून सूक्ष्म आहे. निव्वळ उपस्थिती कायद्याच्या दृष्टीने अपराध नव्हे. परंतु ही भिंत प्रसंगी आडोसाही होते. म्हणून तिला सर्वस्वी निर्दोष मानणे कठीण जाते.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. तापल्या लोखंडी गोळ्याच्या दिव्याचा प्रवेश इतका प्रभावी आहे की, प्रेक्षकाच्या मनात घाशीरामाचे क्रौर्य ठसते आणि नानांचा हिशेब मागे पडतो. अखेरच्या प्रवेशात हा तोल बव्हंशी सावरला जातो. कोठडीत गुदमरून ब्राह्मण मेल्यावर जमाव खवळतो आणि नाना घाशीरामाच्या वधास संमती देतात. इतिहासातील घाशीरामही १७९१ मध्ये अशाच लोकक्षोभास बळी पडला. नाटकातील नाना त्यानंतर उत्सवाची घोषणा करतात. जो आरोपी असावयाचा तोच न्यायाधीश होतो, आणि ज्यांनी जुलूम सोसला तेच त्याच्या उत्सवात नाचतात. कायद्याचा हात जेथे पोचत नाही, तेथे दोषाची वाटणी कोणी करावयाची, हा प्रश्न नाटक प्रेक्षकांपुढे ठेवते. या कृतीचे स्थायी मूल्य त्यातच आहे.