वेदनायगम् शास्त्री यांची ‘बेथलेहेम कुरवंजी’ आणि तंजावरची लूथरन मंडळी

एखाद्या ख्रिस्ती मंडळीची श्रद्धा जाणून घ्यावयाची असल्यास तिची प्रश्नोत्तरावली वाचावी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मंडळीने काय मानावे एवढेच प्रश्नोत्तरावली सांगते. मंडळी प्रत्यक्षात काय मानते हे तिच्या गीतांवरून, आणि त्याहूनही अधिक तिच्या उपासनामंदिरातील बैठकीवरून कळते. तंजावरच्या लूथरन परंपरेतील मंडळीच्या बाबतीत गीत आणि बैठक हे दोन्ही पुरावे एकाच पुरुषाच्या चरित्रात एकत्र आले आहेत. तो पुरुष म्हणजे तमिळ कवी वेदनायगम् शास्त्री (१७७४–१८६४). त्यांच्या ‘बेथलेहेम कुरवंजी’चा विचार केवळ काव्य म्हणून केल्यास तो अपुरा राहतो आणि केवळ धर्मप्रचार म्हणून केल्यास अन्यायाचा ठरतो.

या मंडळीचे मूळ तरंगंबाडीत आहे. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठविलेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शौ हे दोन जर्मन धर्मोपदेशक १७०६ साली तेथे उतरले. त्यांच्यामागे हाल्ले येथील भक्तिवादी लूथरन परंपरा उभी होती. देवाची वाणी प्रत्येकाला स्वतःच्या भाषेत मिळाली पाहिजे, हा लूथरचा आग्रह त्यांनी तमिळ भूमीत आणला. १७१५ साली तमिळ नवा करार छापून पूर्ण झाला आणि १७३३ साली आरोन या तमिळ गृहस्थास पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे फ्रीडरिख श्वार्त्झ यांनी तंजावरात मंडळी वाढविली. श्वार्त्झ १७९८ साली निवर्तले. तंजावरच्या मराठी घराण्यातील सरफोजी राजे आणि वेल्लाळ जातीच्या ख्रिस्ती कुटुंबातील वेदनायगम् या दोघांवरही त्यांच्या शिक्षणाचा संस्कार होता. श्वार्त्झ यांच्या मृत्युशय्येशी उभे असलेले सरफोजी आजही तंजावरच्या चर्चमधील फ्लॅक्समनच्या संगमरवरी शिल्पात पाहावयास मिळतात.

‘बेथलेहेम कुरवंजी’ सुमारे १८०० सालची आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यगीतप्रकार त्या काळी दरबारात आणि देवळात सारखाच लोकप्रिय होता. मिरवणुकीने जाणाऱ्या नायकाला पाहून नायिका विरहव्याकूळ होते. डोंगरात राहणारी भटकी कुरत्ती येऊन तिचा हात पाहते व प्रियकराची प्राप्ती होईल असे भाकीत करते. त्यानंतर कुरत्तीचा पारधी नवरा तिला शोधीत येतो. असा या प्रकाराचा ठरलेला सांगाडा आहे. शास्त्रींनी तो जसाच्या तसा ठेवला आणि त्यातील अर्थ पालटला. त्यांचा नायक बेथलेहेमचा प्रभू आहे; नायिका देवमोहिनी म्हणजे त्याची वधू, अर्थात ख्रिस्ती मंडळी; आणि हात पाहणारी कुरत्ती म्हणजे श्रद्धा. कुरत्तीच्या देशवर्णनाची जुनी प्रथा साधून कवीने पृथ्वीचा भूगोल व कोपर्निकसप्रणीत खगोलही काव्यात आणला आहे. सरफोजींच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी रचनेतही कुरत्तीच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला आहे. एकाच गुरूच्या छायेत वाढलेल्या राजाने आणि कवीने नव्या विद्येसाठी एकच जुना साचा निवडावा, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

रूपक यशस्वी झाले की नाही, ही येथील खरी वाङ्मयीन कसोटी होय. पुष्कळ धार्मिक रूपकांत पात्रे तत्त्वांच्या पाट्या गळ्यात अडकवून वावरतात. येथे तसे होत नाही, कारण कुरवंजीचा मूळ आशयच लूथरन श्रद्धेला अनुकूल आहे. नायिकेच्या कर्तृत्वाने तिला प्रियकर लाभत नाही. ती केवळ ऐकते आणि विश्वास ठेवते. मनुष्य कर्माने नव्हे तर श्रद्धेने नीतिमान ठरतो, हा लूथरचा मुख्य सिद्धान्त. तो कवीला प्रवचनातून सांगावा लागला नाही. कथानकाच्या घडणीतच तो होता. जर्मनीत उगवलेली श्रद्धा येथे भाषांतरित झालेली नसून तमिळ होऊन अवतरली आहे.

मंडळीच्या सामुदायिक जीवनात मात्र याच कवीने वेगळी भूमिका घेतली. तंजावरच्या चर्चमध्ये वेल्लाळ आणि परैयर वेगवेगळे बसत आणि प्रभुभोजनाच्या वेळी वेल्लाळांना अग्रक्रम असे. जुन्या लूथरन धर्मोपदेशकांनी ही रीत चालू दिली होती. १८२० नंतरच्या दशकात कारभार इंग्रजी चर्चच्या संस्थेकडे गेला आणि नव्या धर्मोपदेशकांनी ती मोडण्यास आरंभ केला. शास्त्रींनी १८२९ साली लेखी विरोध केला. त्यांच्या तक्रारी चार होत्या: पवित्र शास्त्राचे रूढ तमिळ भाषांतर बदलले जात आहे, निरनिराळ्या जातींना एकत्र बसविले जात आहे, सणासमारंभांतील फुले बंद केली जात आहेत, आणि तमिळ कीर्तने उपासनेतून काढली जात आहेत. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद पूर्णपणे सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक वेल्लाळ कुटुंबे मंडळीपासून दूर झाली. १८४० नंतर आलेल्या जर्मन लूथरन मिशनने जातीविषयी सौम्य धोरण ठेवले आणि त्यांतील काहींना तेथे आसरा मिळाला.

शास्त्रींचा युक्तिवाद असा की, या चारही गोष्टी बाह्य आचार असून श्रद्धेशी त्यांचा संबंध नाही. या युक्तिवादाला लूथरन परंपरेत आधार आहे. १५७७ च्या ऐक्यसूत्रात देवाने जे सांगितले नाही आणि निषेधिलेही नाही, अशा आचारांबाबत मंडळीला स्वातंत्र्य दिलेले आहे. परंतु त्याच सूत्रात या स्वातंत्र्याची मर्यादाही आहे: जेथे श्रद्धेची कबुली पणाला लागते तेथे आचार उदासीन राहत नाही. फुले आणि कीर्तने यांच्या बाबतीत न्याय शास्त्रींच्या बाजूस आहे. फुले काढल्याने शुभवर्तमान अधिक शुद्ध होत नाही आणि कीर्तने काढल्याने मंडळी मुकी होते. एका प्याल्यातून पिणाऱ्यांनी कोणाच्या आधी वा मागून प्यावे, हा प्रश्न मात्र त्या वर्गात बसत नाही. तेथे प्याल्याचा अर्थच पणाला लागतो. चार तक्रारी एका माळेत ओवणे ही कवीची चूक होती. त्या एकदम धुडकावून लावणे ही नव्या धर्मोपदेशकांची चूक होती, कारण त्यामुळे समतेची मागणी परकीय शिस्तीसारखी भासू लागली.

या चुकीवरचे उत्तर कवीच्याच काव्यात आहे. श्रद्धा देवमोहिनीकडे येते ती डोंगरातील भटक्या कुरत्तीच्या रूपाने. भविष्य सांगण्यासाठी तिला नायिकेचा हात हातात घ्यावाच लागतो. त्या स्पर्शावाचून कुरवंजी पुढे सरकत नाही. कुलीन नायिका तो हात मागे घेत नाही. रूढ साच्यात हा प्रसंग विनोदाचा असेल. श्रद्धेच्या रूपकात तो मुक्तीचा प्रसंग ठरतो. जो हात काव्यात वधूला वराचा मार्ग दाखवितो, त्या हाताशेजारी गुडघे टेकणे मंडळीतील वेल्लाळांना कठीण गेले.

कवीच्या आचारावरून काव्य नाकारणे, किंवा काव्याच्या गोडीने आचारावर पांघरूण घालणे, हे दोन्ही मार्ग समीक्षेला सोपे आहेत. ‘बेथलेहेम कुरवंजी’चे मोल याहून निराळे आहे. मंडळीने जे गायिले ते तिने जगलेल्या जीवनाहून मोठे होते आणि ते गीत मंडळीपाशी उरले. त्या गीताचा पुरता अर्थ लावू पाहणाऱ्या प्रत्येक पिढीपुढे कुरत्तीने पुढे केलेला हात येतोच.