‘अणुशक्तीचे जनक’ : एका षष्ठीचा विचार

डॉ. होमी भाभा यांचा उल्लेख मराठीत पुष्कळदा ‘अणुशक्तीचे जनक’ या बिरुदासह होतो. या प्रयोगातील षष्ठी फार मोघम आहे. जनक कशाचे? शक्तीचे, तिच्या शास्त्राचे, की ती देशात उभी करणाऱ्या संस्थांचे?

‘अणु’ या पदातही घोटाळा आहेच. अंजनगाव सुर्जीसारख्या वऱ्हाडातील गावी मराठी पाठ्यपुस्तकात ‘अणू’ वाचणारा विद्यार्थी हिंदीत ‘परमाणु’ ऐकतो. आणि हिंदीतील ‘अणु’ म्हणजे तर मराठीतील रेणू. परंतु हा घोटाळा कोश उघडला की मिटतो. ‘जनक’ या पदाचा मिटत नाही.

भौतिकज्ञ म्हणून भाभांची कीर्ती ज्या कार्यावर उभी आहे, त्याचा अणुभट्टीशी प्रत्यक्ष संबंध नाही. १९३६ साली त्यांनी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या प्रकीर्णनाचे गणित प्रसिद्ध केले. १९३७ साली हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. युरेनियमच्या विखंडनाचा शोध १९३८ च्या अखेरीस बर्लिन येथे हान व श्ट्रासमान यांच्या प्रयोगांतून लागला.

भाभांचे या क्षेत्रातील श्रेय निराळे आहे, आणि ते उणे नव्हे. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीकडे एका संशोधन संस्थेची मागणी केली. फर्मी यांची शिकागो येथील भट्टी १९४२ मध्येच चालू झाली होती, पण ते गुपित होते. (‘भट्टी’ हा शब्द रुळला खरा, तथापि तिच्यात काहीच जळत नाही.) हिरोशिमा अद्याप घडावयाचे होते. अशा वेळी, दोनएक दशकांत अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल आणि तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असे भाभांनी त्या पत्रात सुचविले. पुढे १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’. ही योजकाची कामगिरी होय.

योजकाचे निर्णय मात्र तपासावे लागतात. भाभांची त्रिस्तरीय योजना प्रथम नैसर्गिक युरेनियम, मग प्लुटोनियम व अखेरीस देशात विपुल असलेले थोरियम, अशा क्रमाने जाणारी होती. तारापूरसाठी १९६४ मध्ये करार झाला तो अमेरिकन भट्ट्यांचा. त्यांस समृद्ध युरेनियम लागते आणि ते बाहेरून आणणे भाग होते. वीज लवकर दाखविण्याची निकड समजण्याजोगी आहे; तरीही ही तडजोड भाभांच्याच काळातील. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकन इंधनाचा पुरवठा वादात सापडला आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडे वळावे लागले. थोरियमचा टप्पा तर व्यापारी विजेपर्यंत अजून पोहोचलेला नाही. भाभांच्या गौरवपर लेखनात तारापूर येते ते बहुधा यशाच्या यादीत; त्याच्या इंधनाविषयी तेथे सहसा एक वाक्यही नसते.