तेरा बोल्टांचे दोन चेहरे

जुन्या अमेरिकन पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओळखायचा म्हटलं की बहुतेक लोक गाडीखाली शिरून बोल्ट मोजू लागतात. शेव्हरोलेच्या १९७३ ते १९८७ या काळातल्या चौकोनी बांध्याच्या पिकअपखाली हा हिशेब लगेच फसतो. टर्बो हायड्रामॅटिक ३५० च्या ऑइल चेंबरला १३ बोल्ट, आणि त्याचा थोरला भाऊ टर्बो हायड्रामॅटिक ४०० याच्या चेंबरलाही १३ च. मोजणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बघणाऱ्याला मात्र क्षणात कळतं, कारण आकडा एक असला तरी घाट पूर्ण वेगळा आहे.

३५० चा चेंबर जवळजवळ चौरस. फक्त उजवीकडचा मागचा कोपरा तिरका कापलेला, बर्फीच्या वडीचा एक कोपरा कुणी आधीच चाखून बघावा तसा. ४०० चा चेंबर लांबट आणि वेडावाकडा. त्याची एक कड दुसरीशी जुळत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आरेखकाचा आळस वाटेल. पण चेंबर हे शेवटी झाकण आहे. वर बसलेल्या व्हॉल्व्ह बॉडीचा आणि फिल्टरचा पसारा जसा, तसं झाकण. त्या वाकड्या कडेत आतली मांडणी बाहेर उमटलेली असते, आणि म्हणूनच ही ओळख खात्रीची.

चेंबरवरून नजर उजवीकडे, म्हणजे अमेरिकन गाडीत प्रवाशाच्या बाजूला न्यावी. तिथे पत्र्याची एक छोटी गोल डबी दिसते आणि तिच्यातून इंजिनकडे जाणारी बारीक नळी. हा व्हॅक्यूम मॉड्युलेटर. ३५० मध्ये तो पार मागे, शेपटाजवळ. ४०० मध्ये बराच पुढे. ओळखीपुरतं एवढं पुरे, पण माझा जीव या डबीवर जडला आहे तो तिच्या कामामुळे. गाडीत संगणक नाही, सेन्सर नाही, तरी गिअर कधी बदलायचा हे गिअरबॉक्सला कळतं कसं? आत तेलाचे दोन दाब एकमेकांशी झुंजत असतात. गव्हर्नर गाडीच्या वेगाबरोबर आपला दाब वाढवत नेतो आणि वरच्या गिअरचा आग्रह धरतो. मॉड्युलेटर इंजिनवरच्या ओझ्याची खबर आणतो. पाय हलका असेल तर इंजिनचा व्हॅक्यूम जास्त, मॉड्युलेटरचा विरोध कमी, आणि गिअर लवकर, अलगद बदलतो. ट्रकमध्ये माल भरलाय, चढ लागलाय, पाय दाबलाय, की व्हॅक्यूम पडतो, विरोध वाढतो, गिअर उशिरा आणि ठसक्यात बदलतो. एका रबरी पडद्याच्या भरवशावर हे सगळं चालतं. तो पडदा फाटला की गिअरबॉक्सचं लाल तेल त्याच बारीक नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. खाली थेंबही गळत नाही, सायलेन्सरमधून धूर निघतो, आणि मालक इंजिनवाल्याकडे धाव घेतो!

पायाचा जोर कळवण्याची दुसरी वाट म्हणजे किकडाऊन, आणि इथे दोघांची शैली आणखी वेगळी होते. ३५० मध्ये कार्ब्युरेटरकडून एक केबल येऊन उजव्या बाजूने केसमध्ये शिरते. ४०० मध्ये केबल नाही. डाव्या बाजूला विजेची एक वायर जोडलेली असते आणि आतला सोलेनॉइड काम करतो. चेंबर चिखलाने आणि ग्रीसने इतका माखलेला असेल की घाटच कळेना, तर ही केबल किंवा ही वायर शोधावी.

१९८२ साली तिसरं पात्र आलं, ७००-आर-४. इंधनाच्या टंचाईची दशकभराची झळ सोसल्यावर अमेरिकेला चौथा गिअर हवासा वाटू लागला होता. याचा ओव्हरड्राइव्ह ०.७० चा, म्हणजे महामार्गावर इंजिनाचे फेरे सरळ तीस टक्क्यांनी कमी. चेंबर आयताकडे झुकणारा, बोल्ट १६, मॉड्युलेटर नाहीच; सगळा भार थ्रॉटलच्या एका केबलवर. ती केबल चुकीची लागली तर आतला दाब पडतो आणि क्लच जळतात. रचना म्हणून मला हा थोडा रूक्ष वाटतो, पण डिझेल-पेट्रोलची बिलं भरणाऱ्याला माझ्या रुचीशी काय देणंघेणं! पुढे १९९३ मध्ये याचाच इलेक्ट्रॉनिक अवतार, ४-एल-६०-ई, आला. चेंबर तसाच, १६ बोल्टांचा; केबलच्या जागी वायरिंगचा गोल कनेक्टर.

कागदोपत्री पुरावाही असतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये चिकटवलेल्या यादीत एम-३८ असेल तर ३५०, एम-४० असेल तर ४००, एम-डी-८ असेल तर ७००-आर-४. स्टिअरिंगच्या दांड्यावर डी भोवती वर्तुळ असलेली जादा खूण दिसली तर ओव्हरड्राइव्ह समजावा. मात्र ही यादी कारखान्यातून बाहेर पडतानाची संहिता सांगते. चाळीस वर्षांत मालक बदलतात, गिअरबॉक्स बदलतात, आणि कागद व दांडा तसेच राहतात. प्रक्षिप्त भाग ओळखायला मूळ पोथीच्या मुखपृष्ठाचा उपयोग नसतो. गाडीखाली जे दिसतं तोच खरा पाठ.

फोर्डची भाषा निराळी. तिथल्या सी-६ च्या चेंबरला १७ बोल्ट आणि पुढची घंटेच्या आकाराची हाउसिंग केसशी एकसंध ओतलेली. सी-४ मध्ये तीच वेगळी, बोल्टने जोडलेली. तिथे मोजणीही उपयोगी पडते, म्हणून रसिकाला फारसं काम उरत नाही.

आता प्रश्न पसंतीचा. ३५० हलका, आटोपशीर, इंजिनची ताकद कमी खाणारा, आणि शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाच्या सी-१० पिकअपला नेमका शोभणारा. ४०० जड आहे आणि थोडी ताकद स्वतःच गिळतो, पण ओझं ओढताना त्याच्याइतका निर्धास्त त्या काळी क्वचितच कुणी होता. १९६४ साली तो कॅडिलॅक आणि ब्यूकमध्ये आला, मग रोल्स-रॉइसने आपल्या सिल्व्हर शॅडोसाठी घेतला, आणि १९७६ मध्ये फेरारीने आपल्या ४०० ऑटोमॅटिकमध्ये बसवला. म्हणजे टेक्ससच्या शेतात गवताचे भारे वाहणाऱ्या पाऊण टनी शेव्हरोलेखाली तो वाकडा, तेलकट चेंबर दिसला, तर त्याच घराण्याचा गिअरबॉक्स रोल्स-रॉइसच्याही पोटात होता. माझं मत ४०० ला.