मोठ्या वर्गातील व्याख्यान : तीन विषय, तीन उदाहरणे

१. प्रस्तावना

शाळेचा वर्ग आणि कॉलेजचे लेक्चर यांतला फरक पदवीच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात येतो. बाकांवर शंभर-सव्वाशे जण बसलेले असतात, हजेरी नावाऐवजी क्रमांकाने होते, आणि शेवटच्या रांगेतून फळा नीट दिसत नाही. अशा तासाविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक मत असे की व्याख्यान ही कालबाह्य पद्धत आहे. दुसरे असे की शिक्षक उत्तम असेल तर वर्ग कितीही मोठा असला तरी बिघडत नाही. दोन्ही मते अपुरी आहेत, असे या टिपणाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी तीन वेगळ्या विषयांतील तीन प्रसिद्ध व्याख्यानमाला आपण तपासू. तिन्ही आज आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे येथे केलेले विवेचन तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल.

२. भौतिकशास्त्र : रिचर्ड फाइनमन

१९६१ ते १९६३ या दोन वर्षांत फाइनमन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सुमारे १८० विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राचा पायाभूत अभ्यासक्रम शिकवला. त्याचेच पुढे तीन खंड झाले. या व्याख्यानांचे मोठे बळ त्यांच्या मांडणीत आहे. बहुतेक पाठ्यपुस्तके गतीच्या नियमांपासून सुरू होतात. फाइनमन अणूंपासून सुरुवात करतात. न्यूटनचे नियम थेट नवव्या प्रकरणात येतात. विषयाचा संपूर्ण नकाशा आधी दाखवावा आणि मग एकेका वाटेने चालावे, असा हा क्रम आहे. असे समग्र दर्शन घडवणे हे मोठ्या व्याख्यानाला चांगले जमणारे काम आहे. ते दहा जणांसमोर करा किंवा दोनशे जणांसमोर, फारसा फरक पडत नाही.

मात्र या प्रयोगाचे सर्वांत कठोर समीक्षक फाइनमन स्वतःच होते. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत ते प्रांजळपणे सांगतात की व्याख्यान कितपत पोहोचते आहे हे विद्यार्थ्यांकडून कळण्याची सोय नव्हती, आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपण फारसे यशस्वी झालो असे आपल्याला वाटत नाही. एक-दोन डझन विद्यार्थ्यांना जवळजवळ सर्व समजले, हेही ते नोंदवतात. गणिते सोडवण्याच्या पद्धतीवर त्यांनी वेगळी व्याख्याने दिली होती, पण ती मूळ खंडांत आली नाहीत. हा तपशील महत्त्वाचा आहे. आपण आज जे खंड वाचतो ते अभ्यासक्रमाचे एक अंग आहे. छोट्या गटांतील तास आणि सराव हे दुसरे अंग पुस्तकात येऊ शकले नाही. म्हणून केवळ हे खंड वाचून परीक्षेतील उदाहरणे सुटत नाहीत, अशी तक्रार असेल तर दोष तुमच्या बुद्धीचा नाही.

३. गणित : गिल्बर्ट स्ट्रँग

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने १९९९ मध्ये चित्रित झाली. साधने म्हणाल तर फळा आणि खडू, एवढीच. पहिल्याच तासाला ते दोन समीकरणे घेतात : २x − y = ० आणि −x + २y = ३. शाळेत आपण या दोन रेषा काढतो आणि त्या (१, २) या बिंदूत छेदतात असे म्हणून थांबतो. स्ट्रँग तीच समीकरणे स्तंभांनी वाचायला लावतात : (२, −१) हा सदिश एकदा आणि (−१, २) हा सदिश दोनदा घेतला की बेरीज (०, ३) येते. उत्तर तेच, पण दृष्टी बदलली. पुढचा बराचसा अभ्यासक्रम या दुसऱ्या दृष्टीवर उभा आहे.

येथे व्याख्यानाचे काम वेगळे आहे. गणित लिहिले जात असतानाची गती विद्यार्थ्याला दिसते. शिक्षक कोठे थांबतो, कोणती पायरी स्वतःशी पुटपुटत तपासतो, हे छापील सिद्धतेत दिसत नाही. मर्यादाही येथेच आहे. फळ्यावर दुसऱ्याने सोडवलेले गणित पाहताना ते आपल्यालाही आल्यासारखे वाटते. वही बंद करून कोऱ्या कागदावर तेच करून पाहिले की खरी स्थिती कळते.

४. तत्त्वज्ञान : मायकेल सँडेल

हार्वर्ड विद्यापीठातील सँडेल यांचा ‘न्याय’ या विषयावरील अभ्यासक्रम मोठ्या प्रेक्षागृहात भरत असे. २००९ मध्ये तो बारा भागांत सर्वांसाठी खुला झाला. सुरुवात एका प्रश्नाने होते. ब्रेक निकामी झालेली ट्रॅम पाच कामगारांच्या दिशेने येते आहे. ती बाजूच्या रुळावर वळवली तर एकच कामगार मरेल. वळवावी का? बहुतेक हात वर होतात. मग प्रश्न बदलतो : पुलावरच्या एका माणसाला खाली ढकलून ट्रॅम थांबवता आली तर? आता हात वर करणारे मोजकेच उरतात. आकडे तेच असताना मत का बदलले, येथून बेंथम आणि कांट यांच्याकडे वाट जाते.

भौतिकशास्त्रात मोठी संख्या ही अडचण होती. येथे तीच शिकवण्याची सामग्री झाली आहे. मतभेद डोळ्यांना दिसायला पुष्कळ माणसे लागतात. तरीही दोन गोष्टी खटकतात. पहिली, हजार जणांत बोलणारे पाच-दहाच असतात, आणि त्यांची उत्तरे आधीच आखलेल्या मांडणीत बसवली जातात. दुसरी गोष्ट २०१३ मध्ये ठळकपणे पुढे आली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने या अभ्यासक्रमाची आंतरजालीय आवृत्ती वापरण्यास नकार देऊन सँडेल यांना खुले पत्र लिहिले. आपल्या विद्यार्थ्यांनी न्याय म्हणजे काय हे एका सुस्थितीतील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची चर्चा पाहत का शिकावे, असा त्यांचा आक्षेप होता. काही विद्यापीठांना प्रत्यक्ष प्राध्यापक आणि इतरांना चित्रफीत, अशी विभागणी होईल ही भीतीही त्यांनी व्यक्त केली. इतर संस्थांतील अध्यापकांचे स्थान डळमळीत करण्यासाठी आपल्या अभ्यासक्रमाचा वापर होऊ नये, असे सँडेल यांनीही उत्तरात म्हटले.

५. आपल्या संदर्भात

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल सुरू केले; २०१७ मध्ये ‘स्वयं’ आले. लहान गावातील विद्यार्थ्याला यामुळे उत्तम अध्यापक ऐकता आले, ही निःसंशय मोठी उपलब्धी आहे. पण यांतील अनेक व्याख्याने स्टुडिओत, समोर विद्यार्थी नसताना चित्रित झालेली आहेत. चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून शिक्षकाने पुन्हा समजावून सांगावे, ही शक्यता तेथे मुळातच नसते. ही उणीव भरून काढायला कॉलेजात कोणी तरी असावे लागते. ‘व्हिडिओ पाहून घ्या’ असे सांगून तास रिकामा सोडला, तर व्याख्यान मिळाले पण शिक्षण झाले नाही.

संशोधन काय सांगते? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या लेखानुसार, विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांत निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतीत सामील करणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले. हा फरक गंभीर आहे. मात्र हे आकडे इतिहास किंवा साहित्याच्या वर्गांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण ते विषय त्या अभ्यासात नव्हते.

६. सारांश

मोठे व्याख्यान विषयाचा नकाशा दाखवू शकते, विचाराची गती दाखवू शकते, मतभेद उघड करू शकते. एकेका विद्यार्थ्याला काय समजले नाही, हे मात्र त्याला कळत नाही. वरील तिन्ही व्याख्यानमाला ज्या संस्थांत झाल्या, तेथे व्याख्यानाच्या जोडीला छोट्या गटांचे तासही होते. जगापुढे आले ते मुख्यतः व्याख्यान. म्हणून फाइनमन यांच्या तोलाचा वक्ता आपल्याला मिळाला का, यापेक्षा व्याख्यानानंतर आपल्या शंका विचारायला जागा आहे का, हा प्रश्न आपण आपल्या कॉलेजला विचारायला हवा. तोपर्यंत चार-पाच मित्रांनी तासानंतर अर्धा तास एकत्र बसून एकमेकांना समजावून सांगणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

७. विचारार्थ प्रश्न

१. तुमच्या विषयात मोठे व्याख्यान कोणते काम करते? नकाशा दाखवण्याचे, गती दाखवण्याचे, की मतभेद उघड करण्याचे?
२. सॅन होजेच्या अध्यापकांचा आक्षेप गणिताच्या अभ्यासक्रमालाही तितकाच लागू पडेल का? कारणे द्या.
३. या आठवड्यातील एका व्याख्यानाची वही न पाहता दहा ओळींत मांडणी करा. जेथे अडलात, ती जागा नोंदवा आणि पुढच्या तासाला विचारा.