एक हात, दोन माणसे आणि फिरोज इराणी

नगरच्या माळीवाडा स्टँडवर गाडीची वाट पाहत ज्यांनी रहस्यकथा वाचल्या, त्या पिढीतले आम्ही. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण ज्या दिवसांविषयी लिहायचे ते दिवस अहमदनगरचे, म्हणून इथे नगरच म्हणतो. आमच्या घरांतून तेव्हा दोन भाषांतले खून एकाच वेळी चालत. वडीलधाऱ्यांच्या उशाखाली इब्ने सफींचे उर्दू कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद आणि इम्रान. आमच्या दप्तरात मराठी बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर. पुस्तके बहुधा भाड्याची. शेवटचा फॉर्म गळालेली प्रत पदरी पडली तर खुनी कोण हे शोधायला दुसऱ्या मोहल्ल्यातली प्रत गाठावी लागे.

हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांना मराठी समीक्षेने दारात उभे केले नाही, शिरवळकरांनाही फारसे नाही. यात नवल नाही. नवल हे, की मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा करताना आपणही त्यांना वगळतो. आपली चर्चा दलवाईंच्या ‘इंधन’पासून सुरू होते, आणि ते योग्यच आहे, पण आमच्यातल्या कितीतरी जणांना मराठी वाचायची चटक लागली ती या पिवळ्या पडलेल्या पुस्तकांनी, हे कबूल करायला लाज कशाची?

आज हा विषय काढायचे कारण शिरवळकरांची ‘समांतर’ ही कादंबरी. शिरवळकर २००३ साली गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यांच्या ‘दुनियादारी’वर संजय जाधव यांनी चित्रपट केला आणि तो तुफान चालला. मग मार्च २०२० मध्ये ‘समांतर’ची मालिका एमएक्स प्लेअरवर आली. पहिला भाग सतीश राजवाडे यांचा, जुलै २०२१ मधला दुसरा समीर विद्वांस यांचा. तिकीट नको, टॉकीज नको. मोबाइल असला की झाले. टाळेबंदीत आमच्या मुकुंदनगर-झेंडीगेटच्या पोरांनी ती गच्चीवर बसून पाहिली. त्यातल्या बहुतेकांना मूळ कादंबरी आहे हेच माहीत नव्हते.

कथेची कळ साधी आणि जबरदस्त आहे. कुमार महाजन हा नशिबाने गांजलेला माणूस. त्याचा हात पाहून एक ज्योतिषी सांगतो, की अगदी याच रेषांचा हात मी फार वर्षांपूर्वी पाहिला होता. त्या माणसाचे नाव सुदर्शन चक्रपाणी. म्हणजे चक्रपाणीचा जो भूतकाळ, तोच कुमारचा भविष्यकाळ. कुमार त्याच्या शोधाला लागतो.

आता आमच्याकडे तकदीर मानतात आणि नुजूमीला हात दाखवणे मानत नाहीत. (उरुसात पोपटवाल्यापुढे कोण कोण बसलेले असते हे आम्ही पाहिले आहे, पण ते असो.) तरीही ही कथा आमच्या वाचकाला परकी वाटली नाही. जे लिहिले आहे ते लिहिलेलेच आहे, तर मग माणसाने हातपाय हलवायचे कशाला, हा प्रश्न मशिदीच्या पायरीवरही निघतो आणि चहाच्या टपरीवरही.

मालिकेतला पहिला भाग हा शोधाचा आहे, आणि तो चांगला आहे. शोध पडद्याला मानवतो: माणूस चालतो, दारे ठोठावतो, पत्ता चुकतो, पुन्हा निघतो. चक्रपाणीच्या भूमिकेत नितीश भारद्वाज यांना घेण्यात कल्पकता आहे. नावच श्रीकृष्णाचे, आणि नट तो ज्याला दूरदर्शनच्या ‘महाभारत’मुळे सारा देश श्रीकृष्ण म्हणून ओळखतो. इथे आमच्या वाचकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. त्या ‘महाभारत’चे संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. सुरुवातीला बोलणारा ‘समय’ हा निवेदक ही त्यांचीच करामत. घडून गेलेले सगळे ज्याला ठाऊक आहे असा तो आवाज पुढे काय होणार ते जाणून कथा सांगतो. चक्रपाणी कुमारपुढे येतो तेव्हा नेमके हेच नाते तयार होते. दिग्दर्शकाच्या मनात हे होते की नाही याची पंचाईत आम्ही करत नाही. आम्हाला ते दिसले.

अडचण दुसऱ्या भागात सुरू होते. चक्रपाणी आपल्या रोजनिश्या कुमारच्या हाती देतो. अट अशी, की रोज एकच पान वाचायचे. ही अट म्हणजे रहस्यकादंबरीचा प्राण आहे. पुस्तक हातात असलेल्या वाचकाची अवस्था कुमारसारखीच असते. उरलेल्या पानांची जाडी उजव्या अंगठ्याखाली लागत असते, सगळे भविष्य तिथे छापून तयार असते, आणि शेवटचे पान उलटून पाहण्यापासून त्याला त्याच्या सब्राशिवाय कोणी अडवत नाही. कुमार मोहाने पुढचे पान उघडील का, हा प्रश्न वाचताना आपलाच होतो. आम्ही स्वतः लहानपणी शेवटचे पान आधी वाचलेले आहे आणि मग दोनशे पाने पश्चात्ताप केलेला आहे.

पडद्यावर ही अट पोकळ होते. इथे पान उलटणारा हात प्रेक्षकाचा नाही. एक प्रकरण संपले की दुसरे आपोआप सुरू होते. सब्र करायचा तर उलट उठून यंत्र थांबवावे लागते. शिवाय रोजनिशीतले वाक्य आधी आवाजात ऐकवायचे, मग कुमारच्या आयुष्यात घडताना दाखवायचे, आणि अधूनमधून चक्रपाणीच्या भूतकाळातही दाखवायचे. एकच गोष्ट तीनदा सांगितल्यावर भीती उरत नाही, हजेरी उरते. कागदावर ‘एक बाई तुझ्या आयुष्यात येईल’ एवढ्या मजकुराने वाचक जागा राहतो, कारण ती बाई कोण याचे हजार चेहरे त्याच्या डोक्यात असतात. पडद्यावर सई ताम्हणकर दारातून आत येतात आणि नऊशे नव्याण्णव चेहरे पुसले जातात. त्या काम चांगलेच करतात. दोष त्यांचा नाही.

गंमत अशी, की मालिकेकडून खरा सब्र घडवला तो दिग्दर्शकांनी नव्हे, दोन भागांमधल्या सोळा महिन्यांनी. रोजनिश्यांत काय असेल याचे तर्क आमच्या गल्लीत त्या काळात जितके लढवले गेले, तितके दुसरा भाग आल्यावर नाही.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे, तर इब्ने सफींचा दाखला द्यायला हवा. त्यांच्या ‘बेबाकों की तलाश’ या कादंबरीवर पाकिस्तानात १९७४ साली ‘धमाका’ चित्रपट निघाला. पटकथा खुद्द त्यांनीच लिहिली, तरी तो चालला नाही. पण त्यात एक गोष्ट त्यांनी राखली. लाखो वाचकांचा लाडका इम्रान त्यांनी पडद्यावर दाखवलाच नाही, आणि एक्स-टू हा गूढ अधिकारी फक्त आवाजाने आला, तोही लेखकाच्या स्वतःच्या. प्रत्येक वाचकाने आपापला इम्रान मनात करून ठेवला आहे, त्यावर कोणा एका नटाचा चेहरा चिकटवला की बाकीचे सगळे इम्रान मरतील, हे त्यांना कळले असावे असे आम्ही समजतो.

नावांचेही तसेच. इब्ने सफींच्या कादंबऱ्या हिंदीत निघाल्या तेव्हा प्रकाशकाने कर्नल फरीदीचा कर्नल विनोद केला आणि इम्रानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. साहाय्यक मुसलमान असायला हरकत नव्हती. ज्या हिंदी वाचकांनी विनोदवर जीव टाकला त्यांना तो फरीदी आहे हे कळलेही नाही. बाजाराचे गणित होते, आम्ही कोणाला दोष देत नाही, पण टोचते.

याच्या शेजारी शिरवळकरांना ठेवून पाहा. पुण्यात बसून, प्रामुख्याने हिंदू मराठी वाचकांसाठी लिहिणाऱ्या या माणसाच्या नायकांत मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांच्या पंगतीला फिरोज इराणी आहे, आणि दारा बुलंद आहे. फिरोज पारशी की इराणी मुसलमान यावर आमच्यात तासन्‌तास वाद झाले. पण मराठी पुस्तकात फिरोज नावाचा माणूस गुन्हेगार नसून नायक आहे, आणि शेजारचा जोशीही त्याच्यासाठी वाचनालयात नंबर लावतो आहे, हे आमच्या त्या वयात लहान नव्हते. कोणी भाषण केले नव्हते, एकात्मतेचा शिक्का मारला नव्हता. नाव होते, काम होते, कथा पुढे जात होती.

पडद्यावर गाजलेले शिरवळकर आहेत ते ‘दुनियादारी’चे आणि ‘समांतर’चे. निर्माते आता त्यांच्या आणखी पुस्तकांकडे वळतील, वळावेतही. एखाद्या दिवशी फिरोज इराणीची पाळी येईल. तेव्हा बैठकीत बसलेला कोणीतरी नक्की म्हणेल, की कथा झकास आहे, नाव तेवढे बदलू या. लेखक हयात नाही. ‘धमाका’च्या वेळी इब्ने सफी हजर होते म्हणून इम्रान वाचला, इथे हरकत घ्यायला वाचकच उरले आहेत, आणि त्यात आम्ही आलो.

‘समांतर’ पाहून झाल्यावर गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोराने आम्हाला मूळ पुस्तक मागितले. आमच्याकडे नव्हते. चितळे रोडवरच्या जिल्हा वाचनालयात चौकशी कर म्हणालो. १८३८ पासूनची संस्था आहे, बाकी काही नाही तरी कपाटे भरलेली आहेत. जाता जाता त्याला सांगितले, फिरोज इराणीचे एखादे मिळाले तर तेही आण. तो थांबला. “इराणी म्हणजे चाचा, अपनेवाला का?”

आधी वाच, म्हटले.