‘स्मृतिचित्रे’मधली आशा : लक्ष्मीबाईंनी न मागितलेलं वळण

मंडळी, नाथांच्या पैठणात येऊन लक्ष्मीबाई टिळकांवर बोलायचं, हे काहींना थोडं वाकडं वाटेल. पण बाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, म्हणजे गोदाकाठचा. तेच पाणी पुढे तुमच्या घाटाला लागतं. आणि टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले, त्याच मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी १९२७ साली महिपतींनी लिहिलेलं नाथचरित्र इंग्रजीत नेलं. तेव्हा पाहुणी अगदीच परकी नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळींत ‘साक्ष’ देण्याची रीत आहे. मंडळीपुढे उभं राहून माणूस सांगतो : आधी मी अंधारात होतो, मग प्रभू भेटला, आता उजेड आहे. रीत चांगली, पण तिचा एक साचा होऊन बसला आहे. आमच्या घरात एक तरुण मृत्यू झाला तेव्हा भेटायला येणारा जो तो सांगे, ‘यातही देवाची योजना आहे.’ वाक्य खोटं असेल असं नाही, पण त्या दिवसांत ते आम्हांला दगडासारखं लागे. तेव्हा शाळेनंतर पहिल्यांदा ‘स्मृतिचित्रे’ सबंध वाचलं, आणि हे पुस्तक त्या साच्यात बसत नाही हे ध्यानात आलं.

बघा, इथे झालंय काय. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या, दत्तू तीन-चार वर्षांचा. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईवर आकाश कोसळलं ते ख्रिस्ती श्रद्धेमुळेच. साक्षीत संकट आधी येतं आणि श्रद्धा त्यावर औषध म्हणून येते. इथे श्रद्धा हेच संकट होऊन दाराशी उभं राहिलं. ज्या गोष्टीनं घर मोडलं, तिच्यातच पुढे या बाईला आशा कशी सापडली? आमच्या मते पुस्तकाचा खरा प्रश्न हा आहे, आणि समीक्षेनं तो पुरेसा विचारलेला नाही.

उत्तर एका झटक्यात मिळत नाही. आधी पंढरपूरला बहिणीच्या आसऱ्यानं काढलेले दिवस, आजारपण, लोकांचं बोलणं. मग नवऱ्याकडे परतणं, पण चूल वेगळी, सोवळं वेगळं. जात देवानं केली नाही, माणसानं केली, हा विचार त्यांच्या मनात उगवला तो याच वाटेवर, आणि तो ठरल्यावर त्यांनी शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा १९०० साली. मधली पाच वर्षं चर्चमधले वाचक घाईनं उलटतात, कारण त्यांना शेवट ठाऊक असतो. बाहेरचे वाचक उलट करतात : बाईंचा विनोद घेतात, किराण्याच्या पैशांत भलतंच काही घेऊन येणारे टिळक घेतात, आणि श्रद्धा तेवढी बाजूला ठेवतात. क्रमिक पुस्तकांतल्या उताऱ्यांनी तर बाईंना एक भोळी, गमतीशीर बायको करून टाकलं! दोन्हींकडे नुकसान सारखंच. या पुस्तकात हसू आणि विश्वास एकाच चुलीवर शिजलेले आहेत हो, वेगळे काढता येत नाहीत.

आता नाथांकडे येऊ. एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायातलं भिक्षुगीत इथल्या कीर्तनाला बसणाऱ्यांना सांगायला नको. अवंतीचा कृपण ब्राह्मण, सगळं धन जातं, घरचे टाकतात, तो भिक्षू होतो. लोक छळतात, तरी तो दोष लोकांना देत नाही, ग्रहांना नाही, कर्मालाही नाही. दुःखाचं मूळ तो मनात शोधतो. अनपेक्षित आघातावर मराठीत याहून खोल लिहिलेलं थोडंच असेल. पण त्याचं घर सुटलेलं आहे. लक्ष्मीबाईंना ती सोय नव्हती, त्यांच्या कडेवर मूल होतं. भिक्षूला शांती मिळते ती नाती गळून पडल्यावर. बाईंची आशा नाती वाढवत जाते : घरात परकी पोरं येतात, दुष्काळातली मुलं येतात, बालकवी ठोंबरे येऊन राहतात. अर्थात नाथ स्वतः संसारीच होते, आणि वाळवंटातलं तापलेलं पोर कडेवर घेतल्याची त्यांची कथा आपण सगळे सांगतो. म्हणून आम्हांला वाटतं, बाईंचं नातं भिक्षुगीतातल्या भिक्षूपेक्षा ते लिहिणाऱ्या नाथांशी जवळचं आहे.

आणि बाप्तिस्म्यानंतर आघात थांबले, असंही नाही. १९१७ला टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. घर पुन्हा अधांतरी. १९१८ला बालकवी रेल्वेखाली गेले. ९ मे १९१९ला टिळक गेले. मग वसतिगृहात मेट्रनची नोकरी, पुढे मुलाबरोबर कराची. या कशालाच बाई ‘योजना’ म्हणून गोड करत नाहीत. रडल्या तिथे रडल्या म्हणतात, नवऱ्यावर चिडल्या तिथे चिडल्या म्हणतात. देवावरचा भरवसा त्या वेगळा सिद्ध करत बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला पान वाढलं, यात तो कळतो.

एक तक्रार मात्र नोंदवतो. पुढच्या भागांत माणसांची गर्दी होते आणि बाईंची नजर पूर्वीसारखी एका जागी ठरत नाही. पंढरपूरच्या पानांची धार तिथे नाही. पण सत्तरीच्या उंबरठ्यावर, तब्येत खालावत असताना हे लिहिलं जात होतं, हेही विसरू नये.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या काही अध्यायांवर अडलं होतं. ते पुढे नेलं जोडाक्षरांशी झगडत वाचायला शिकलेल्या याच बाईंनी, आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ पुरं झालेलं नव्हतं. शेवटची पानं दत्तूनं जोडली. तोच दत्तू, १८९५ साली कडेवर असलेला.

कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.