भूकंपाची आकृती कोणासाठी?

भूकंपाचा पाठ आला की फळ्यावर एक ठरलेली आकृती उमटते. जमिनीचा छेद, त्यात खोलवर एक ठिपका, ती भूकंपनाभी. तिच्या बरोबर वर, जमिनीवर दुसरा ठिपका, ते अपिकेंद्र. आणि नाभीभोवती पाण्यावरच्या तरंगांसारखी वर्तुळे. ही आकृती चुकीची नाही. पण लोहाऱ्याच्या शाळेत ती अपुरी पडते, असे आम्हांला वाटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला, तेव्हा आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरसारख्या गावांतही घरे कोसळून माणसे गाडली गेली. आजच्या विद्यार्थ्यांनी तो भूकंप पाहिलेला नाही. त्यांच्या आजीने पाहिला आहे. वर्गात शिकलेली आकृती मुलाने आजीला दाखवली, तर तिला त्यात आपले घर कुठे दिसेल?

प्रमाणाचेच पाहा. पुस्तकात नाभी पानाच्या तळाशी जाते आणि वर बोटाएवढे घर असते. किल्लारीच्या भूकंपाची नाभी उथळ होती, साधारण दहा किलोमीटर किंवा त्याहूनही कमी खोलीवर. एका किलोमीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण घेतले, तर घर पेन्सिलीच्या रेघेतच हरवते. म्हणून मुलांना गावापासून दहा किलोमीटरवरचे ओळखीचे ठिकाण विचारावे आणि तेवढेच अंतर जमिनीखाली उभे धरायला सांगावे. नाभी किती जवळ होती, हे मग वेगळे समजवावे लागत नाही.

दुसरी आकृती भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशाची. १९९३ साली प्रचारात असलेल्या नकाशात देशाचे पाच विभाग होते आणि किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. खालचा खडक तोच राहिला, बदलले ते आपले ज्ञान. अभियंत्यासाठी हा नकाशा बांधकामाच्या हिशेबातील एक आकडा असतो. विद्यार्थी मात्र त्यातील रेषेला कुंपण समजतो आणि फिक्या रंगाला अभयपत्र. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

आता आमच्याच एका चुकीबद्दल. लोहाऱ्यात शिक्षकांसमोर आम्ही जुन्या दगडी भिंतीचा तक्ता लावला होता. भिंतीचा उभा छेद, बाहेरचा थर, आतला थर, मध्ये बारीक दगड आणि मातीची भर. दोन्ही थर एकमेकांना बांधलेले नसले, तर हादऱ्याने ते अलग होतात, फुगतात आणि भिंत ढासळते, हे त्यातून सांगायचे होते. शिक्षकांनी एका वयस्क गवंड्यालाही बोलावले होते. तक्त्याकडे बराच वेळ पाहून त्याने विचारले, "साहेब, ही भिंत अर्धी कशामुळं पाडली?"

ज्याने जन्मभर अशा भिंती रचल्या, त्याला आमची भिंत ओळखता आली नाही. कारण उघड आहे. छेद ही आपण शाळेत शिकलेली भाषा आहे; गवंडी भिंत पाहतो ती अर्धवट रचलेली असताना, वरून आणि थोडी तिरकस. आम्ही त्याच बाजूने आकृती पुन्हा काढली, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड दाखवला. यावर त्याचा दुसरा आक्षेप असा, की अडीच-तीन फूट जाडीच्या भिंतीला एवढा दगड आणायचा कुठून?

हा प्रश्न आकृतीतच सुटायला हवा होता. प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी आयआयटी कानपूरमध्ये असताना लिहिलेल्या भूकंपविषयक सूचनापत्रांत त्याचे उत्तर आहे: भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको; आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर, तो न मिळाल्यास भिंतीच्या पाऊण जाडीचे दोन दगड एकमेकांशेजारी, एक आतून व एक बाहेरून. या पत्रांतील चित्रे आम्हांला फार आवडतात. भूकंपाची महत्ता म्हणजे दिव्याचे वॅट आणि तीव्रता म्हणजे आपल्या जागी पोहोचलेला उजेड, ही त्यांतली तुलना नववीच्या वर्गात चटकन पटते. (उजेड अंतराने कमी होतो, हे खरे, हादरा मात्र पायाखालच्या मातीवरही अवलंबून असतो, एवढे शिक्षकाने जोडावे.) पण भिंतीची मापे गवंड्यासाठी दीड फूट, दोन फूट, चार फूट अशीच लिहायला हवीत.

आणखी एक खबरदारी. केवळ पडलेल्या भिंतीचे चित्र दाखवले, तर मुले दोष दगडाला देतात आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता असे धरून चालतात. सांधलेली आणि न सांधलेली अशा दोन्ही भिंती शेजारी शेजारी, त्याच काळ्या दगडाच्या, काढाव्यात.

माळवदाची आकृती अजून आम्हांला जमलेली नाही. छपरावरच्या मातीचे ओझे आम्ही खाली जाणाऱ्या जाड बाणांनी दाखवले होते. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट माती असली, तरी ती सहा टनांच्या पुढे जाते. गवंड्याने बाण पाहिले आणि म्हणाला, "बाण राहू द्या. माती किती गाड्या, ते लिवा."